शालिकभाऊंचा गडवा

शालिकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसले होते. सोमवारी माझी गाडी बघायला येतो म्हणाले, मंगळवार उलटला तरी पत्ता नाही, आणि फोन केला की त्यांच्या बायकोचं, सिंधूवहिनींचं, ठरलेलं उत्तर, “ते गाडीखाली हायेत.” म्हणून बुधवारी सकाळी त्यांच्या घरचा नंबर दिसला तेव्हा मी फोन उचलतानाच म्हटलं, “निघाले का आता गाडीखालून?” पलीकडे वहिनींनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, “बाई, ते गेले... झोपीतच गेले.” मी तशीच पायरीवर बसले. समोर माझी जुनी गाडी उभी होती, आणि तोंडातून निघालेलं ते वाक्य आता कुठे ठेवावं ते मला कळेना.

शेलूबाजारच्या चौकात, हायवेला लागून, पत्र्याच्या एका शेडमध्ये शालिकभाऊंचं गॅरेज होतं. बाहेर पाटी नव्हती, कारण गरजच नव्हती. रिठदपासून पोहरादेवीपर्यंत कोणाचीही गाडी अडली की लोक म्हणायचे, “शालिककडे ने, तो कानानं पायते.” खरंच होतं ते. लाकडी मुठीचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, ते चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि अर्ध्या मिनिटात रोग सांगायचे. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावर हौसेनं ही जुनी पेट्रोल गाडी घेतली, तेव्हा पहिल्या भेटीतच त्यांनी मला शिकवलं, “इंजिन सोताच बोलते बाई, आपन फक्त आयकाव.” मी म्हटलं, “माझ्या वर्गातली मुलंही बोलायची, पण सगळी एकदम.” त्यावर ते जे हसले, तिथून आमची मैत्री जमली. मी त्यांना भाऊ म्हणे, ते मला बाई. भांडण मात्र आम्ही सख्ख्या बहीणभावासारखं करत असू.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी मिसिंग मारायला लागली. म्हणजे इंजिनाच्या चारपैकी एक नळकांडं काम सोडून बसलेलं, बाकीची तीन ओढताहेत आणि गाडी उचकी लागल्यासारखी चालते आहे. शालिकभाऊंनी पेचकस लावला, डोळे मिटले. “एक नंबर,” म्हणाले, आणि एक नंबरचा प्लग बदलून दिला. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला घेऊन पोहरादेवीला निघाले. मानोरा गावाच्या पुढे गाडीनं अशी काही उचकी दिली की बहिणीच्या मांडीवरचा शिऱ्याचा डबा खाली! परत येईपर्यंत बहीण माझ्याशी बोलली नाही आणि मी मनातल्या मनात शालिकभाऊंशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेट गॅरेजसमोर गाडी उभी केली. ते माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले होते, प्लग घासत. मी हाक मारली. ढिम्म! पुन्हा मारली. हालचाल नाही. मला वाटलं, चूक झाली ती कळलीय आणि म्हातारा तोंड लपवतोय. मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. हॉर्नवर हात ठेवला आणि दाबूनच धरला. शेजारच्या टपरीवर बबन चहा गाळत होता, त्याच्या हातातली गाळणी पडली. चौकात उभ्या असलेल्या जीपमधले लोक खाली उतरून बघायला लागले. शालिकभाऊ मात्र शांतपणे प्लगला फुंकर मारत होते... मी खाली उतरले, वळसा घालून त्यांच्या समोर गेले. त्यांनी वर पाहिलं आणि छान हसले. “या बाई, कवा आल्या?”

माझा सगळा राग तिथेच गळून गेला. मी हळूच विचारलं, “भाऊ, ऐकू येत नाही का?” त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग चौकाकडे पाहिलं, मग प्लग खाली ठेवून उठले. “दोन वर्सं झाले. पयले डावा गेला. आता दोनी गेल्यातच जमा.” कानाचं मशीन आणून पाहिलं होतं, पण या पत्र्याच्या शेडमध्ये त्यात इतका गलका व्हायचा की डोकं धरून बसावं लागे. ते कपाटात ठेवून दिलं होतं. मी म्हटलं, “मग परवा एक नंबर कसं सांगितलंत?” खाली मान घालून म्हणाले, “अंदाजानं.” “म्हणजे भाऊ, तुम्ही न वाचताच पेपर लिहिलात!” ते हसले नाहीत. “बाई, लोक इथं माह्यासाठी नाई येत, माह्या कानासाठी येतात. आयकू येत नाई म्हटल्यावर कोन येईन? कोनाले सांगू नका. घरी बसवलं तं मी मरून जाईन.” साठीच्या घरातला, लोखंडासारख्या हाताचा माणूस माझ्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा होता. मला फार वाईट वाटलं. मी शब्द दिला.

पण गाडीचं काय? आवाजानं कळत नाही तर कशानं कळणार? मला एकदम तवा आठवला. आपण बायका तवा तापला का ते ऐकत बसतो का? पाण्याचा शिंतोडा मारतो. छर्र झालं की तापला. इंजिनाच्या चार नळकांड्यांतून धूर बाहेर नेणारे चार लोखंडी पाइप असतात. जे नळकांडं पेटत नाही त्याचा पाइप तापण्यात मागे राहणार, हे साधं विज्ञान. मी सांगितलं तसे शालिकभाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, “माह्या उस्तादानं दाखवलं होतं हे! म्या म्हटलं, कान असल्यावर पान्याचं काय काम?” गाडी चालवून आणलेली, सगळंच तापलेलं, म्हणून ती निवेपर्यंत आम्ही चहा पीत बसलो. मग त्यांनी गाडी सुरू केली, मिनिटभर थांबले, आणि प्यायच्या पाण्याच्या पितळी गडव्यात बोटं बुडवून एकेका पाइपवर शिंतोडा मारला. पहिल्यावर पाणी उडालं. दुसऱ्यावर, चौथ्यावरही. तिसऱ्यावर मात्र थेंब तसेच बसून राहिले.

त्यांनी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात टाकला, दुसऱ्याचा तिसऱ्यात. पुन्हा गाडी निववून पाहिलं, तरी तिसराच गार. म्हणजे प्लगचा दोष नव्हता. मग दोघांच्या वायरी अदलाबदल केल्या. आता दुसरा गार पडला! शालिकभाऊंनी ती वायर वाकवून मला दाखवली; आत बारीक चीर गेली होती. “चोर सापडला!” असं म्हणून त्यांनी गडव्यातलं उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, शिऱ्याचा डबा सांडला ते बरंच झालं.

त्यानंतर सहा वर्षं आमचं नाटक रंगलं. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून पेचकस आधी कानाला लागायचाच, डोळे मिटायचेच. मग ते गंभीरपणे म्हणायचे, “जरा पानी दाखवा लागते इंजिनाले.” लोकांना तो विधीच वाटू लागला. रिठदच्या एका शेतकऱ्यानं तर घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं, “आमचं पानी गोड हाय, हेच दाखवा” म्हणून! शालिकभाऊंनी तेही दाखवलं, निमूटपणे. मी कधी तिथे असले तर त्यांना खूण करायची, प्रश्न पुन्हा नीट समोरून विचारायची, आणि आपण केवढं गुपित जपतोय याचा मला अभिमान वाटायचा. चांगली वर्षं होती ती. गाडी बिघडली नाही तरी मी चहाला जायची.

तेरवीच्या दिवशी मला राहवेना. बाहेर मांडवात बबन पाणी देत फिरत होता, सिंधूवहिनी शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, “वहिनी, आता सांगायला हरकत नाही. भाऊंच्या कानाचं मला माहीत होतं. मी कोणाला बोलले नाही.” वहिनींनी बबनकडे पाहिलं. बबन गोरामोरा झाला. “बाई... तुमी त्या दिवशी हॉर्न वाजवला नं, तवाच समजलं आमाले. साऱ्या चौकाले.” माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मग चौकातला जीपवाला बोलला, तिथल्या भाजीवाल्या ताई बोलल्या. भाऊंच्या मागून हाक मारायची नाही, वळसा घालून समोर जायचं, तोंड दिसेल असं उभं राहून बोलायचं, हे त्या दिवसापासून सगळ्यांनी आपसूक सुरू केलं होतं. आणि मी समजत होते, मी एकटीच! गुपित ज्या बाईनं जपलं तिनंच ते हॉर्न वाजवून जाहीर केलं होतं. मी घाबरत विचारलं, “भाऊंना कळलं होतं का, सगळ्यांना माहीत आहे ते?” वहिनी पदर सावरत म्हणाल्या, “नाई. तेवढं कोनी होऊ देल्लं नाई. फोनवर त्याईले आयकू येत नाई, ते बाहेर फुटीन म्हनून मीच भीत होती एवढे दिवस, गाडीखाली हायेत म्हनू म्हनू...” त्या हसल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो.

मागच्या आठवड्यात गाडीनं पुन्हा मिसिंग धरलं. वहिनींनी गडवा मला दिला आहे; “तुमीच वापरजा,” म्हणाल्या. घरी अंगणातही पाहता आलं असतं, पण पाय तिकडेच वळले. बंद शेडसमोर गाडी उभी केली, ती निवू दिली, बोनेट उघडलं, मिनिटभर चालू ठेवून शिंतोडे मारले. छर्र... मग दुसरा पाइप गप्प. बाकीचे दोन्ही बोलले. मी तशीच वाकून बघत राहिले. पाठीमागून कोणी हाक मारली नाही. बबन हातात चहा घेऊन टपरीतून निघाला, अख्ख्या गाडीला वळसा घालून आला, माझ्या समोर, तोंड दिसेल असा उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाला, “बाई, कितवा?”

त्याच्या लक्षातही नव्हतं आपण काय केलं ते. मी त्याच्या हातून चहा घेतला.

“दोन नंबर,” मी म्हटलं.