पाच दिव्यांचा खोबळा

ग्वाल्हेरात मराठी माणूस भेटला की दहा मिनिटांत त्याचे पूर्वज सरदार निघतात. महिपतराव मोहित्यांचे पूर्वज मात्र पायगेत घोड्यांना दाणा घालत असत, आणि महिपतराव ते तसंच सांगतात. सगळेच सरदार असते तर घोडे उपाशी मेले असते, असं त्यांचं म्हणणं. त्या दाणा घालण्याच्या मोबदल्यात की काय, घरात एक दांडपट्टा आलेला आहे. पातं अर्धं मोडलेलं, पण हात कोपरापर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा अजून शाबूत. वर्षातले तीनशे त्रेसष्ट दिवस तो कपाटाच्या माथ्यावर सुटकेसमागे पडून असतो आणि खंडेनवमीला पाटावर येतो.

महिपतराव सत्तावन्न वर्षांचे. सरकारी खात्यात ते विजेचे मीटर तपासत. खात्याचं नाव सांगत नाही, कारण मार्चात दोन कार्यालयांचं एकत्रीकरण झाल्यापासून खुद्द खात्यालाच ते नक्की ठाऊक नाही. दारावर जुनी पाटी आहे, नवी तिच्याखाली भिंतीला टेकवून ठेवली आहे आणि कोणती ठेवायची याचा आदेश यायचा आहे. या एकत्रीकरणात दोन प्रयोगशाळांची एक झाली आणि ती दुसऱ्या इमारतीत गेली. महिपतरावांचं टेबल गेलं, टेबलावरचा वाकडा दिवा गेला, सव्वीस वर्षांचे ड्रॉवर गेले. महिपतराव तेवढे राहिले. त्यांना आवक-जावकमध्ये एक खुर्ची मिळाली. आवक थोडी, जावक त्याहून थोडी.

पूर्वी दिवसभर शंभर मीटर उघडून ते बाड्याच्या बाजारातून भाजी घेऊन पायी घरी यायचे. आता दिवसभर बसून आले तरी जिन्याच्या सहाव्या पायरीवर उभे राहायचे. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात मोठी बहीण शांताताई, शाळेतून निवृत्त, आणि मुलगी मंदा. शांताताईंनी पायांना तेल दिलं, मग कंपू भागातल्या एका डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. महिपतरावांना याचंही वाईट वाटलं. म्हणजे थकायला कारणसुद्धा नाही.

मंदा सत्तावीस वर्षांची. कंपूतच एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवायचे आणि घरी येऊन एका व्हिडिओ गेममधली चिलखतं घडवायची, असा तिचा संसार. त्या गेमची नायिका वाळूत बुडालेल्या शहराची राखण करते. तिच्या डाव्या हातावर बोटांपासून कोपरापर्यंत गॉन्टलेट असतं आणि त्यावर पाच दिवे. जीव कमी होत जाईल तसा एकेक विझतो. पाचही विझले की खेळ संपला.

मंदाने योगाच्या जुन्या चटया कापून, त्यांवर कवळीचं गुलाबी अॅक्रिलिक थापून आणि वर काळा रंग देऊन ते गॉन्टलेट हुबेहूब केलं होतं. दिवे मात्र दिवाळीच्या माळेतले. मागच्या दसऱ्याला लष्कर भागातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये अशा वेषांची स्पर्धा होती. मंदा स्टेजवर गेली, हात उंचावला आणि एक दिवा गेला. माळच ती. एकापाठोपाठ बाकीचे चारही गेले. मागून कुणीतरी ओरडलं, "दीदी के यहाँ लाइट चली गई." सगळा हॉल हसला. मंदाने घरी येऊन गॉन्टलेट पिशवीत कोंबलं. अकरा महिने तिने ते पिशवीतून काढलं नाही.

या वर्षी गणपती उठल्यावर तिने ती पिशवी महिपतरावांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, अपग्रेड करायचंय. लाइट तो है ही, पण बोट वाकवलं की रंग बदलला पाहिजे. एक छोटी स्क्रीन. आवाज. और हो सके तो धूर."

"धूर नाही," महिपतराव म्हणाले. "आणि मला हे जमेल कशावरून?"

"मग कोणाला जमेल? आत्याला?"

महिपतरावांनी खोबळा हातात फिरवून पाहिला. गॉन्टलेट हा शब्द त्यांनी एकदाच वापरून पाहिला आणि सोडून दिला. हा खोबळा दसऱ्याला स्टेजवर पेटायला हवा, विझता कामा नये. एवढं एक काम होतं. सहा महिन्यांत त्यांच्याकडे आलेलं हे पहिलंच काम, आणि ते फसलं तर आवक-जावकची खुर्चीच आपल्या लायकीची, असं ते मनात धरून बसले.

काम आलं म्हणजे फाइल आली. त्यांनी कोरी फाइल काढून तिच्यावर ‘विषय: खोबळ्याचे विद्युतीकरण’ असं सुवाच्य लिहिलं. आत आराखडा, सुट्या भागांची यादी, आक्षेप आणि आक्षेपांचं निराकरण. आक्षेप घेणारेही तेच आणि निराकरण करणारेही तेच, त्यामुळे खात्यात तीन महिने लागले असते ते रविवारी सकाळी उरकलं. सगळ्यात मोठा आक्षेप वजनाचा निघाला. हात दहा मिनिटं उंच धरायचा तर त्यावर किती ओझं चालेल? मंदाच्या मनगटाला त्यांनी तूरडाळीची पिशवी बांधली आणि तिला तशीच पोहे खायला लावलं. एका किलोला ती तिसऱ्या घासाला वैतागली. पाऊण किलोला पोहे संपले. फाइलीत नोंद झाली: पाऊण किलो, बॅटरीसकट. मग बॅटरी मनगटावरून निघून दंडावर गेली, स्क्रीन अर्धी झाली आणि आवाज नामंजूर झाला.

भांडण झालं ते तारांवरून. महिपतरावांनी पाचही दिव्यांना पाच वेगळ्या लाइन आखल्या, प्रत्येकीला आपला फ्यूज. मंदाचं म्हणणं, इतक्या तारा कुठे कोंबायच्या? नेटवर सगळे एकाच पट्टीवर करतात. बाबा, ये मीटर नहीं है. महिपतराव म्हणाले, मीटर असता तर मी दोन फ्यूज घातले असते. यावर ती दोन दिवस त्यांच्याशी फक्त हिंदीत बोलली.

तरी काम चाललं. ऑफिसला जाण्याआधी तासभर, आल्यावर तासभर. थकवा गेला असं नाही, जिन्यावर ते अजूनही थांबत. पण थांबल्यावर तिसऱ्या दिव्याचा विचार करत. नवमीच्या सकाळी आठला शेवटचा सांधा लागला. बोटं वाकवली, पाचही दिवे निळ्याचे तांबडे झाले. मंदा लॅबला गेली होती. दाखवायला घरात शांताताईच होत्या. त्या पाट मांडत होत्या: दांडपट्टा, विळी, मिक्सर, मंदाची लॅबची जादा हत्यारं, मल्टिमीटर, पेचकस, तारांचे सांधे जोडायचं सोल्डरिंग आयर्न. दर वर्षी महिपतराव आपली अवजारं खालमानेने ठेवत. यंदा त्यांनी लोखंडी खोबळ्याशेजारी नवा खोबळा ठेवला, स्वतःच्या हाताने, मधोमध. शांताताईंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. महिपतराव हात जोडून उभे होते आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं.

मंदा संध्याकाळी आली. पाटाकडे बघतच राहिली.

"बाबा, हे कोणी ठेवलं?"

"मी. का?"

"स्पर्धा उद्या अकराला आहे."

मोहित्यांच्या घरात नवमीला पाटावर गेलेली वस्तू दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर उठते. त्याआधी तिला कुणी हात लावत नाही. एका वर्षी पाहुणे आले तेव्हा शांताताईंनी चटणी शेजारणीच्या मिक्सरमधून करून आणली होती. हे महिपतरावांना लहानपणापासून ठाऊक होतं. स्पर्धेची वेळ त्यांनीच फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिली होती. दोन्ही गोष्टी पक्क्या ठाऊक, फक्त त्या एकमेकींच्या आड येतील हे सुचलं नव्हतं. सात महिन्यांचा सगळा शीण परत पायांत उतरला. मंदा रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "जाने दो, बाबा," आणि आत गेली.

शांताताईंनी निरांजन सारखं केलं. मग त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं.

"महिपत, दसऱ्याला शस्त्रं पुजून काय करायचे रे?"

"स्वारीला निघायचे."

"कधी? संध्याकाळचा चहा झाल्यावर?"

महिपतरावांनी मान वर केली.

"सकाळी सहाला उत्तरपूजा करते. पण स्वारीला निघालाय तो एकटा हा. बाकीचं काही उठायचं नाही. तुझं ते तापायचं यंत्रसुद्धा नाही."

सकाळी सहाला घंटा वाजली, उत्तरपूजेचं दही खोबळ्यावर पडू दिलं नाही एवढंच, आणि मंदाने तो उचलला. हॉलमध्ये पोचून सुरू केला तर चारच दिवे लागले. पाचव्याच्या सॉकेटात कालचं कुंकू भिजून चिकटलं होतं आणि त्या लाइनचा फ्यूज उडाला होता. महिपतरावांनी खिसे चाचपले. मल्टिमीटर पाटावर, आयर्न पाटावर, पेचकस पाटावर. त्यांनी रुमालाने सॉकेट पुसलं, त्यात फुंकलं, परत पुसलं. पाचवा काही हलेना. कपाळावर घाम, आणि स्टेजवर मंदाचं नाव पुकारलं.

ते मागच्या रांगेत जाऊन बसले. मंदाने हात उंचावला. चार दिवे निळे. बोटं वाकवली, चारही तांबडे. महिपतराव पुढचा विझण्याची वाट बघत राहिले. हात दहा मिनिटं वर राहिला, पाऊण किलोचा, आणि चार दिवे तसेच राहिले. मागून कुणी काही ओरडलं नाही. एका परीक्षकाने विचारलं, पाँचवाँ? मंदा म्हणाली, एक जान रास्ते में गई.

नंबर आला नाही. पहिलं बक्षीस पंख असलेल्या कुणाला तरी गेलं. परतताना रिक्षात मंदाने खोबळा मांडीवर घेतला होता, अजून चालूच. बाड्याच्या गर्दीत पोरं डोकावून बघत होती.

"वेगळ्या लाइन बरोबर होत्या," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. मराठीत.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. शांताताईंनी पाटावरचं आयर्न उचलून महिपतरावांच्या हातात दिलं, दांड्याला हळदीची बोटं तशीच. महिपतरावांनी फाइल उघडून लिहिलं: ‘पाचवी लाइन, फ्यूज बदलणे. सॉकेटला झाकण करणे (कुंकू).’ मग आयर्न तापायला लावलं. ते तापायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यांना खुर्चीतच डुलकी लागली, आणि मंदाने त्यांना न उठवता आयर्न बंद केलं.