तिसरं कडवं

होबार्ट स्टिल्टनरने एकतीस वर्षं रेल्वेच्या डब्यांचं वेल्डिंग केलं. निवृत्त झाल्यावर त्याने मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार घेतली, पोटात धातूची थाळी असलेली. रोज दोन तास सराव. तारांवरून सरकवायची पोलादी कांडी पडद्यावर नेमकी आली नाही, तर तोच सूर शंभरदा. मेहनतीत त्याने कधी कुचराई केली नाही.

शनिवारी दुपारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये ब्लूग्रासवाले, म्हणजे तिकडच्या डोंगराळ भागातलं लोकसंगीत गाणारे-वाजवणारे, गोल करून बसत. गाणारा मधूनच मानेने खूण करी. ज्याला खूण मिळेल त्याने पुढचं कडवं सुरू होईपर्यंत एकट्याने वाजवायचं. होबार्ट वर्षभर मागे बसून नुसता ठेका धरायचा.

फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा डेन्व्हर एकदा ओरडला, "अरे, पुढे ये की! खुर्चीला वेल्ड झालायस काय?"

तो पुढे आला, आणि तिथल्या जुन्या गायिका लोरीनताईंनी नेमकं त्यांचं नेहमीचं गाणं धरलं. वय अठ्ठ्याहत्तर, घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज अगदी बारीक. होबार्टने ते गाणं पाच महिने घोटलं होतं. खुणेची वाट न बघता त्याचा हात सुटला. त्या गात होत्या आणि ओळीओळीवर त्याची कांडी घसरत होती. त्याला वाटलं, आज जमलं.

दुसऱ्या कडव्यानंतर लोरीनताई थांबल्या. "दमले रे," म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

कुणी होबार्टला टोकलं नाही. निघताना डेन्व्हरने पाठीवर थापही मारली.

परतताना गाडीत, ऐकायला आलेली बायको नीवा म्हणाली, "तिसरं कडवं गायल्या नाहीत."

"तिसरं आहे?"

"त्यांच्या भावाचं. खाणीच्या अपघातात गेला तो. त्यांनी स्वतः जोडलंय. पाच महिने काय वाजवत होतास मग?"

होबार्टचे कान तापले. पाच महिने त्याने फक्त स्वतःचे हात पाहिले होते. कारखान्यात त्याने कित्येकांचे वाकडे जोड सगळ्यांदेखत कापायला लावले होते. त्याचा जोड मात्र कुणी कापला नव्हता. ती पाठीवरची थाप आता जास्त लागली.

"मी नाही जाणार परत."

"नको जाऊस. त्यांना वाटेल, वर रुसलासही."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या सरावाच्या वेळी नीवा घरकाम करताना गायची. ती गात असेपर्यंत त्याने तळहात तारांवर दाबून ठेवायचा. रोज दोन तास. इतकं अवघड काम त्याने आधी केलं नव्हतं.

तीन शनिवार लोरीनताई दुसरंच काहीतरी गायल्या. चौथ्या शनिवारी त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ते गाणं धरलं. होबार्टने तारांवर हात ठेवला. तिसऱ्या कडव्यात भावाचा जेवणाचा डबा घरी परत आला, सफरचंद तसंच. होबार्टने मान खाली घातली.

लोरीनताईंनी त्यालाच खूण केली. त्याने नकारार्थी मान हलवली.

"मान काय हलवतोस? माझं गाऊन झालंय. वाजव आता!"

सगळे हसले. त्याने एकही करामत न करता कडव्याची साधी चाल वाजवली. शेवटच्या सुराला कांडी केसभर मागे पडली. त्याने ती सरकवून जागेवर आणली. सगळ्यांनी ऐकलंच असणार.

त्याने वर पाहिलं नाही. डेन्व्हरने पुढचं गाणं धरलं, तसा होबार्टचा तळहात पुन्हा तारांवर गेला.