सात नंबरची ब्युरेट

मंगल टायट्रेशन करताना श्वास धरायची. ब्युरेटच्या, म्हणजे त्या तोटीवाल्या उभ्या काचनळीच्या, टोकाला अर्धा थेंब लोंबकळत ठेवायची, तो फ्लास्कच्या काठाला अलगद टेकवायची आणि पाण्याची पिचकारी मारून आत धुऊन घ्यायची. फ्लास्कातलं पाणी जेमतेम गुलाबी व्हायचं, इतकं की खाली पांढरा कागद धरल्याशिवाय कळू नये. माझं मात्र दर वेळी लग्नातल्या सरबतासारखं भडक.

गुलबर्ग्याच्या कॉलेजात आमचे सर कन्नड बोलणारे. ते तिचा फ्लास्क उचलून टेबलाटेबलावरून फिरवायचे आणि “इल्ली नोड्री!” म्हणायचे. इकडं बघा, इकडं बघा. तीन वर्षं मी तिकडंच बघत होते आणि जळत होते. याला दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि शोधायचाही नाही.

तसं जळण्यासारखं तिच्याकडं होतं काय? मेहकरच्या धनगरवस्तीतली मुलगी. घरी चार शेळ्या, थोडं रान, इंग्रजी यथातथा. मी कोहिनूर गावच्या कापडदुकानवाल्यांची. माझं जर्नल बघायला वरच्या वर्गातल्या मुली यायच्या. पण हात तिचा होता. एकदा न राहवून तिला विचारलं, तर म्हणाली, “शेळीची धार काढून बघ की. कवा थांबायचं ते बोटालाच कळतंय.” आणि वर हसून, “थेंब टाकायला काय गं शैला, कुनीबी टाकतंय. थांबायचं कळलं पायजे.” हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणायची की तिच्या तोंडावर ओलं फडकं फेकावंसं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. विद्यापीठात एमएस्सीच्या जागा मोजक्या, आणि आम्हा दोघींतून फार तर एकीचा नंबर लागेल हे लॅबच्या शिपायालाही ठाऊक होतं. सगळं शेवटच्या प्रॅक्टिकलवर होतं. होस्टेलवर मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा ती म्हणाली, “मला न्हाई मिळालं तर अप्पा अफजलपूरची सोयरीक पक्की करायलेत. तुला काय, पुढच्या साली बी बसता येतंय.”

“कामून न्हाई मिळायचं? तुलाच मिळतंय की,” मी म्हणाले आणि वेणी घट्ट ओढली.

लॅबमधल्या ब्युरेटांवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेले होते. बहुतेकींच्या काचेच्या तोट्या गळक्या, सात नंबरची तेवढी शहाणी. मंगल तीन वर्षं तिच्यावरच काम करायची, तोटी अडकू नये म्हणून तिला स्वतः व्हॅसलीन लावायची. परीक्षेच्या दिवशी मी तासभर आधी जाऊन दारात उभी राहिले आणि दार उघडताच सात नंबर उचलली.

मंगलनं आत येऊन रॅकमधली रिकामी जागा पाहिली, मग माझा स्टँड पाहिला. उरलेल्यांतली एक तिनं घेतली, तर ती तोटीच्या बाजूनं टपटप गळायला लागली. बदलून मागितली तर शिल्लक नव्हती. तेव्हा तिनं बाहेर पडणारे थेंब घड्याळ लावून मोजले, तेवढे उत्तरातून वजा केले आणि पेपरात तसं सरळ लिहून टाकलं. बाहेरून आलेले परीक्षक चिडले. परीक्षेत सबबी लिहायच्या नसतात म्हणाले आणि गुण कापले. तिचं उत्तर मात्र माझ्यापेक्षा बिनचूक आलं होतं. गळक्या ब्युरेटवर! नंबर माझा लागला, पण ही गोष्ट मला आजतागायत पचलेली नाही.

मंगल अफजलपूरला ऊसवाल्यांच्या घरात लग्न होऊन गेली. मी एमएस्सी होऊन त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सात नंबर मी कपाटात कुलपात ठेवली, कुणाला हात लावू दिला नाही. “थांबायचं कळलं पाहिजे,” हे मात्र मुलांना दर वर्षी सांगत आले, माझंच असल्यासारखं.

बऱ्याच वर्षांनी मंगल लेकीच्या प्रवेशासाठी आली. अंगानं भरली होती, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. लॅबमध्ये येऊन तिनं रॅककडं पाहिलं. “सात नंबर हाय का गं अजून?”

“फुटली कवाच,” मी म्हणाले.

“व्हय? मला वाटलं, तू जपून ठिवली असशील.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चहा पिऊन, लेकीला माझ्या स्वाधीन करून ती अफजलपूरच्या गाडीला गेली.

लेकीचा हात आईचाच निघाला. पहिल्याच टायट्रेशनला तोच अर्धा थेंब, तोच जेमतेम गुलाबी रंग, आणि मी पुन्हा तशीच जळायला लागले. तरीही वर्षाच्या शेवटी, तिच्या परीक्षेच्या सकाळी, मी कपाट उघडलं. सात नंबर पुसली आणि कुणी यायच्या आत पोरीच्या स्टँडला लावली. तोटी तपासायचं काही मला सुचलं नाही.

पोरीनं ती फिरवून पाहिली. पुन्हा जोर लावून पाहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मॅडम, ही तर जाम झालीय, फिरंनाच. दुसरी कोनचीबी द्या की.”