कडब्याचे धागे

वडील गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचे हात जास्त आठवतात. सकाळी गोठ्यात शिरले की ते ताजं शेण बादलीतल्या पाण्यात कालवायचे आणि पाणी ओतून उरलेले कडब्याचे धागे तळहातावर पसरायचे. धागे बारीक असले तर हात झटकून पुढच्या गाईकडे वळायचे. लांब निघाले तर गाईकडे न बघताच म्हणायचे, हिचं झालं.

गाय खाताना फारसं चावत नाही. वरच्या जबड्याला पुढे दातच नसतात. जिभेने ओढायचं, गिळायचं. खरं चावणं नंतर, बसल्यावर. गिळलेला घास पोटातून पुन्हा तोंडात येतो आणि दाढा आडव्या फिरून, लाळेत भिजवून तो बारीक करतात. बारीक झाल्याशिवाय तो पुढच्या पोटात सहसा सरकत नाही. दाढा झिजलेली गाय दिवसभर तोंड हलवते, लांब धागे तसेच शेणात टाकते आणि उपाशी राहते.

मोहोळच्या अलीकडे आमची वस्ती आहे. तिथं आईची एक गाय होती. आईची म्हणजे मामाने माहेराहून पाठवलेली कालवड, आमच्याकडेच म्हातारी झालेली. मी सोलापुरात कॉलेजला होते त्या वर्षी तिच्या तोंडातून अर्धवट चावलेले ओले बोळे पडू लागले. आई कडबा विळ्याने बारीक चिरून पाण्यात भिजत घालायची आणि घमेलं तिच्यापुढे ठेवायची. गाय सावरायला लागली होती. मग मी सुट्टीत घरी असताना एका दुपारी वडिलांनी ते घमेलं पायाने लोटून दिलं.

"चावता येतं त्यानंच खावं."

आई म्हणाली, मी चिरते, माझे हात दुखतात, तुमचं काय जातं? त्यांनी गाईचं तोंड उघडलं. गाईची जीभ एका बाजूला ओढून धरली, दुसऱ्या हाताने दाढा चाचपल्या आणि आईलाही हात घालून बघायला लावलं. त्याच आठवड्यात टेम्पो आला. फळीवर चढतानाही गाय तोंड हलवत होती. एक बोळा खाली पडला. टेम्पो गेल्यावर आईने तो उचलून उकिरड्यावर टाकला.

त्यानंतर त्या गाईचा विषय घरात निघाला नाही. वडिलांची तंबाखू मात्र चालूच होती. शेवटी सोलापूरच्या दवाखान्यात त्यांचा अर्धा जबडा काढला. मऊ, पातळ द्या, असं डॉक्टरांनी आईसमोर दोनदा सांगितलं. आईने मान डोलावली.

ते घरी आल्यावर महिन्याभराने एका रविवारी मी वस्तीवर गेले. ओसरीवर वडिलांपुढे ताट होतं आणि ताटात ज्वारीची अख्खी भाकरी. आई रोज तशीच भाकरी वाढते, हे मला शेजारणीने दारातच सांगितलं होतं. वडील तुकडा मोडून तोंडात ठेवत, उरलेल्या बाजूने घोळवत, आणि थोड्या वेळाने ओला बोळा ताटाच्या कडेला पडे. अंगावर नुसती हाडं उरली होती.

मी आईला म्हणाले, कुस्करून दे की दुधात. आई चुलीपुढून उठली नाही.

"चावता येतं त्यानंच खावं. माझं न्हाय, त्यांचंच हाय ते."

मीच वाटीत दूध घेतलं, भाकरी कुस्करली आणि त्यांच्यापुढे ठेवली. वडिलांनी वाटीकडे पाहिलं, मग चुलीकडे. मग ताटाच्या कडेचा बोळा उचलून त्यांनी तळहातावर पसरला आणि बोटाने चाळवून पाहिला, बादलीपाशी पाहायचे तसा.

"झालं," ते म्हणाले. शब्द नीट उमटला नाही, पण आईला कळला. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी माझी वाटी पालथ्या हाताने बाजूला सारली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्या रविवारी दुपारी ताट आईनेच उचललं. बोळे आणि कुस्करलेली भाकरी एकत्र करून तिने दावणीतल्या तरण्या गाईपुढे टाकली. गाईने ते न चावता गिळलं. मग ती सावलीत बसली आणि निवांत रवंथ करू लागली.