माझी गोळी मी वाटणार नाही

आमच्या जळगावच्या हॉस्टेलमध्ये कोणाचंच काही एकटीचं नसायचं. शिरपूरकडच्या माझ्या गावाहून भरीत आणि कळण्याच्या भाकरी आल्या की डबा उघडायच्या आधीच चार हात पुढे यायचे, आणि मलाही त्यात आनंदच होता. त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर पाचोऱ्याच्या ताईने माझी गोळी मागितली, तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नसावं. मला मात्र संताप आला, आणि आजही येतो.

ती गोळी मला धुळ्याच्या डॉक्टरांनी दिली होती. दुखण्याचं नाव एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. बारावीत उत्तरं येत असूनही मी पानं कोरी ठेवून आले होते, कारण पंख्याची खरखर आणि पर्यवेक्षक बाईंच्या चपलांचा आवाज यापलीकडे मला काही सुचतच नव्हतं. घरचे चंचल म्हणायचे, शिक्षक आळशी म्हणायचे. डॉक्टरांनी वजन घेतलं, बीपी पाहिलं, छाती तपासली, आधी अगदी कमी मात्रा देऊन बघितली आणि मग कुठे ही गोळी ठरवली. ती माझ्या अंगाला बेतलेली होती.

ताई माझ्याच खोलीत राहायची, एक वर्ष पुढे. तिने आधी माझी झोप कशी आहे ते विचारलं, मग माझे मार्क वाढल्याचं कौतुक केलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. सरळ बोल म्हटल्यावर म्हणाली, "अख्खी नको गं, अर्धी दे." फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. उद्या हीच मेडिकलमध्ये बसून लोकांकडे चिठ्ठी मागणार होती. मी नाही म्हणाले, तर मी चिंगूस ठरले.

दोन जेवणांच्या आत हॉस्टेलभर झालं की मी गोळी खाऊन पास होते आणि बाकीच्या बिचाऱ्या नुसत्या अभ्यासावर. द्यायची तर सगळ्यांना द्या, नाहीतर कोणालाच नको, असा न्याय निघाला आणि तक्रार रेक्टर मॅडमकडे गेली. त्यांनी शांतता राहावी म्हणून माझं गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या कपाटात ठेवून दिलं, परीक्षा संपेपर्यंत. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी मामाच्या दुकानातून बिनचिठ्ठीच्या गोळ्या आल्या होत्या, तिथली झडती मात्र कोणी घेतली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी.

मी मॅडमना सांगितलं की ही काही हुशारीची गोळी नाही, न वाचलेलं ती आठवून देत नाही. मग एवढी गरज काय, असं त्यांनी विचारलं. वाचलेलं कागदावर उतरावं एवढ्यासाठीच, मी म्हणाले. त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं.

नाना गावाहून चोपडामार्गे एसटीने आले. मॅडमचं सगळं ऐकून त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि आमच्या अहिराणीत समजावलं.

"परीक्षा व्हवू दे, मंग खाय. आपले तुन्हं लगन करनं शे. लोके काय म्हनतीन?"

"पेपर कोरा सोडीसन घर येसू, ते चाली का तुम्हले?"

आत जाऊन नानांनीच मधला मार्ग काढला. रोज सकाळी मॅडमनी एक गोळी त्यांच्या खोलीत द्यायची, दार लावून, कोणाला कळू न देता. मॅडम लगेच कबूल झाल्या. दोघांनाही मोकळं वाटलं, आणि मी चोर नसताना चोरासारखं वागायचं एवढंच काय ते ठरलं. माझा नानांवर फार जीव आहे, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला.

पहिल्या पेपरच्या सकाळी मॅडमच्या खोलीबाहेर मुलींची रांग होती, हॉल तिकिटावर शिक्का घ्यायला. मॅडमनी गोळी माझ्या हातावर ठेवली आणि दाराकडे खूण केली.

"दार उघडंच राहू द्या, मॅडम."

मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली. रांगेत ताईही होती. तिने तोंड फिरवलं, आणि त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. मला तापात मांडीवर घेऊन बसलेली मुलगी ती, त्यामुळे वाईट वाटतंच. पण ती अर्धी गोळी मी तिला आजही देणार नाही.

पेपर पूर्ण लिहिला. बाहेर आले तर नानांचा फोन. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलंच नाही.

"गोळी लिधी का?"

"लिधी."

"कोनी देखं तं नही ना?"

"बठ्ठास्नी देखं, नाना."