शिवलेला खिसा

"मी नाही गा, हात गेला," असं म्हणतच तो खर्रा तोंडात टाकायचा. बोलणं अर्धवट, काम अर्धवट, हात मात्र शर्टाच्या खिशात. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. सुपारी-तंबाखूला चुना लावून पन्नीत घोटलेला खर्रा नको म्हणणारा माणूस नागपुरात शोधावा लागतो. मीसुद्धा त्याच्याच पुडीतून चिमूट घ्यायचो.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. वैद्यकीय कॉलेजाच्या प्रयोगशाळेत मी यंत्रं सांभाळायचो, तो उंदरं. एकदा आमच्या डॉक्टरसाहेबांनी एका पांढऱ्या उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. पिंजऱ्यातली पट्टी दाबली की तारेतून इवलासा करंट जायचा. उंदीर पट्टी दाबतच सुटला. भिजवलेले चणे शेजारी तसेच पडून.

"खाय ना बेटा," हा विनवायचा. शेवटी त्यानं साहेबांना विचारलं, "याले मजा येऊन राहिली का?"

"कुणास ठाऊक. हवं असतं त्याला, एवढं नक्की."

यानं चणे उंदराच्या आणखी जवळ सरकवले. मग मला म्हणाला, "मले बी आता चव लागत नाही गा. तरी हात जाते."

तेव्हा मला कळलं की त्याचं तोंड उघडेनासं झालंय. धंतोलीतल्या डॉक्टरनं कॅन्सरचं नाव काढलं होतं. रोज सकाळी किती उभी बोटं आत मावतात ते बघून तो स्वतःचं तोंड मापायचा, आणि तेव्हा त्याच्याकडे बघवत नसे. मी भ्यालो होतो, म्हणून थट्टा करायचो.

प्रयोग संपला, करंट बंद झाला. तरी उंदीर बराच वेळ पट्टी दाबत राहिला, मग कुठे चण्यांकडे वळला.

"त्याची तार बंद केली साहेबानं," हा म्हणाला. "आपली कुठी हाय गा?"

दुसऱ्या दिवशी तो बायकोकडून खिसाच शिवून घेऊन आला. आम्ही पोट धरून हसलो. पण हात जायचाच. शिवणीवर बोटं चाचपडायची आणि तो हाताकडे असा बघायचा, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. थोड्याच दिवसांत पुडी टोपीत आली.

पुढे गाल सुजला. ऑपरेशनला जाताना म्हणाला, "उंदरायले चणे टाकजो." तो परत आला नाही.

त्याचा खाकी शर्ट खुंटीवरच राहिला होता. वहिनींना द्यायला म्हणून मी तो काढला. खिशाची शिवण शाबूत होती, पण तिच्याखालचं कापड बोटांनी घासून घासून फाटलं होतं. खाली पाहिलं तर माझा हात माझ्या खिशातल्या पुडीवर गेलेला होता.