फ्रीजमधला चिखल

"वहिनी, तुमच्या फ्रीजमध्ये वीतभर जागा होईल का?" असं दारात विचारतानाच मॅडमनी चपला काढलेल्या असायच्या. हातात फडक्यात गुंडाळलेली लांब नळी, आणि नळीत खाडीचा चिखल.

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत, आमच्या समोरच्या घरात त्या एकट्या राहायच्या. समुद्र किती वर चढतोय, याचं संशोधन करायच्या. सगळे त्यांना चिखलवाल्या मॅडम म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, कोथिंबिरीशेजारी चिखल कोण ठेवून घेईल? त्यांचा फ्रीज भरला की मी घ्यायचे. "वास येणार नाही हं," त्या म्हणायच्या. यायचा. आमचे हे दही खाईनासे झाले.

"एवढं आहे काय त्या चिखलात?" मी एकदा वैतागून विचारलं.

"थरावर थर आहेत, वहिनी. समुद्र पूर्वी कुठवर आला होता, ते त्यात दिसतं. पण पाणी चढतंय की जमीन खचतेय, हे एकाच किनाऱ्यावरून नाही कळत. दुसऱ्या देशांतला चिखल शेजारी ठेवून बघावा लागतो. शिवाय थरांचं वय काढायचं यंत्र तिकडे परदेशात आहे."

तिकडे एक म्हातारे प्राध्यापक होते. व्हिडिओवर दोघं एकमेकांना आपापला चिखल दाखवायची. मॅडम त्यासाठी इस्त्रीची साडी नेसायच्या. मला तेव्हा हसू यायचं.

करंजा गावचा एक कोळी त्यांना होडीतून खाडीत न्यायचा. उधाणाला त्याच्या घरात पाणी शिरायला लागलं होतं. एकदा मांदेली मासळी द्यायला आला, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाला, "बाई, आमी घराचं जोतं वाढवावं का गावच सोडावं? तुमी सांगाल तसं."

"अंदाजाने नाही सांगणार. तिकडून निकाल येऊ दे," मॅडम म्हणाल्या.

निकाल आला नाही. आपल्या आणि तिकडच्या सरकारचं काहीतरी बिनसलं. तिकडे काम बंद पडलं, इकडून नळ्या पाठवायची परवानगी मिळेना. प्राध्यापकांना मॅडमशी बोलायचीही बंदी झाली. "भांडण सरकारांचं, आणि फ्रीज माझा भरलेला," असं म्हणून मॅडम हसल्या आणि माझ्या ओट्याला टेकून रडल्या. मला भयंकर राग आला. अहो, शेजारणी भांडल्या तरी विरजण मागण्यापुरतं बोलतात. एवढी अक्कल या मोठ्या लोकांना नसावी?

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम हृदयविकाराने गेल्या. त्यांच्या भावाने घर रिकामं केलं, नळ्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. माझ्याकडच्या दोन मी दिल्या नाहीत. कशाला ठेवल्यात, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात तो कोळी आला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं, तसा तो जिन्याच्या पायरीवर बसला. दिलेलं पाणी हातातच राहिलं.

"जोतं बांधायला घेतलंय," तो म्हणाला. "आपलं अंदाजानं, कमरेएवढं. पुरंल का वो? तुमी शेजारी व्हता, तुमाला काय बोलल्या असतील ना बाई?"

"नाही हो दादा," मी म्हणाले. "त्यांनाच कुणी कळू दिलं नाही."